तार गेली, तारेचं सोंग राहिलं

उद्यमनगरातल्या एखाद्या जुन्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या) मशीनच्या मागं वाकून बघितलं, तर नऊ नाहीतर पंचवीस पिनांचा एक पोर्ट दिसतो. हा सिरियल पोर्ट, मानकाचं नाव आरएस-२३२. हे मानक १९६० सालचं. लॅपटॉपवरून हा पोर्ट केव्हाच गायब झाला, पण कारखान्यात, वजनकाट्यावर, प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर तो अजून ठाण मांडून बसलाय. एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवायचे, दुसरीवरून घ्यायचे आणि तिसरी ग्राउंडची. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. बिघडते ती केबल.

ही केबलच काढून टाकावी, या विचारातून १९९४ साली एरिक्सन कंपनीत ज्या कामाला सुरुवात झाली, तेच पुढं ब्लूटूथ झालं. पण अडचण अशी की सिरियल पोर्टाशी बोलणारे हजारो प्रोग्राम आधीच लिहून झाले होते. ते पुन्हा लिहायला कोण बसणार? म्हणून ब्लूटूथमध्ये आरएफकॉम नावाचा एक थर घातला. खाली रेडिओ काहीही करू दे, वरच्या प्रोग्रामला मात्र वाटतं की आपण तारेशीच बोलतोय. हे सोंग इतकं नेटकं आहे की आरटीएस-सीटीएससारखे ('पाठवू का', 'पाठव' असे) जुन्या पोर्टाचे इशारेसुद्धा त्यातून पलीकडं पोचतात.

बघायचं असेल तर गुऱ्हाळावर चला. काहिलीतला रस आटत जातो आणि साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पाक उतरवायला येतो. मुरलेला गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो आणि सांगतो; त्याला आपल्या सेन्सरची काडीचीही गरज नाही. गरज आपल्याला आहे, शिकायला. चुलवाणाजवळून लॅपटॉपपर्यंत लांब वायर ओढली तर ती वितळेल, नाहीतर कुणाच्या तरी पायात येईल. तेव्हा काहिलीत तापमान मोजणारा के-टाइप थर्मोकपल, त्याचा आकडा वाचायला मॅक्स-६६७५ चिप, मग आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि शेवटी एचसी-०५ हा ब्लूटूथ मॉड्यूल. या मॉड्यूलची आरएक्स (डेटा घेणारी) पिन ३.३ व्होल्टची आणि उनो देतो ५, म्हणून मधे एक आणि दोन किलोओमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवायचं.

लॅपटॉपवर लिनक्स आहे असं धरू. टर्मिनल उघडून ब्लूटूथसीटीएल हा ब्लूटूथ हाताळणारा प्रोग्राम सुरू करायचा, स्कॅन ऑन म्हणायचं. आजूबाजूचे सगळे मोबाईल हजेरी लावतात, त्यात एचसी-०५ सापडतं आणि त्याच्यापुढं आकडे-अक्षरांच्या सहा जोड्यांचा पत्ता. त्या पत्त्यावर पेअर, मग ट्रस्ट. पिन (इथं जोडणीचा गुप्त आकडा) विचारली की १२३४, आणि काम झालं की ती बदला, कारण हीच पिन सगळ्या जगाला पाठ आहे.

यापुढं बरेच जण अडकतात. पेअर झालं म्हणून कनेक्ट म्हणावं, तर उपलब्ध नाही अशी चूक येते आणि मॉड्यूल खराब निघाला म्हणून दुकानदाराला फोन जातो. मॉड्यूल ठणठणीत असतो. ती आज्ञा हेडफोन-कीबोर्डसारख्या सेवा शोधत असते. सिरियल पोर्ट तिच्या खात्यात नाही. त्यासाठी आरएफकॉम बाइंड ही वेगळी आज्ञा आहे: क्रमांक शून्य, मग पत्ता, मग चॅनल, जो एचसी-०५ वर बहुधा १ असतो. ती दिली की डेव्ह फोल्डरमध्ये आरएफकॉम-शून्य नावाची एक नवी फाइल उगवते. (त्या थराच्याच नावाचं हे आज्ञेचं हत्यार २०१७ पासून कालबाह्यांच्या यादीत आहे, पण उबंटूवर अजून मिळतं.)

आता मॉड्यूलवरच्या दिव्याकडं बघा. तो अजून भराभर लुकलुकतोय, म्हणजे जोडणी झालेलीच नाही. बाइंडनं नुसतं दार बसवलं. स्क्रीन किंवा कॅट या टर्मिनलवरच्या आज्ञांनी ती फाइल उघडली की मगच रेडिओ हाक मारतो, दिवा संथ होतो आणि तापमानाचे आकडे एकाखाली एक पडू लागतात. परवानगी नाकारली असं आलं, तर स्वतःला डायलआउट या सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्या गटात घालून पुन्हा लॉगिन करायचं. मोबाईलच्या ॲपमध्ये हे सगळे टप्पे एका बटणामागं दडलेले असतात, त्यामुळं नेमकं कुठं अडलं ते कळत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा टर्मिनलवरूनच करा.

गंमत बॉडरेटची, म्हणजे तारेवरच्या बिटांच्या वेगाची आहे. लॅपटॉपवर ९६०० टाका नाहीतर १,१५,२००, आकडे तसेच येतात, कारण हवेत बॉडरेट नावाची भानगडच नाही. तो जुळावा लागतो फक्त आर्डुइनो आणि मॉड्यूल यांच्यातल्या बोटभर वायरींवर. तिथं ९६०० असेल तर सेकंदाला फार तर ९६० अक्षरं जातात.

हवेत काय चालतं? २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ चॅनल, आणि जोडणी सेकंदाला १६०० वेळा त्यांच्यात उड्या मारते. वायफायही त्याच पट्ट्यात, म्हणून नवे रेडिओ गजबजलेले चॅनल टाळतात. डेटाचं हरवलेलं पाकीट (पॅकेट) पुन्हा पाठवलं जातं. क्रम चुकत नाही, पण वेळ चुकते. आकडे कधी थबकतात आणि मग घोळक्यानं येतात. मधे चार माणसं उभी राहिली तरी सिग्नल पडतो, कारण आपल्या अंगातलं पाणी ही लहर शोषून घेतं.

हाच मॉड्यूल सीएनसीला लावायचा तर मधे मॅक्स-३२३२ हा व्होल्टेज बदलणारा चिप घालावाच लागेल. आरएस-२३२ चे उणे-अधिक व्होल्ट थेट दिले तर मॉड्यूल जळेल. आणि प्रोग्राम मशीनच्या मेमरीत अख्खा उतरवून घ्यायलाच ही जोडणी वापरा. ओळ-ओळ पाठवत कटिंग करायचं असेल, तर केबलच बरी: ऐन कापताना डेटा थांबला की टूल जॉबवर (कापायच्या तुकड्यावर) तसंच टेकून फिरत राहतं आणि तिथं खूण उमटते.