बिग बेंडमधील पायवाटा

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानातील पदभ्रमणाच्या वाटा. आग्नेयेकडे वाहत आलेली रिओ ग्रांद नदी येथे वळसा घेऊन ईशान्येला निघते. त्या मोठ्या वळणावरून प्रदेशाला हे नाव पडले. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ३,२४२ चौ. किमी. आहे, म्हणजे गोव्याहून थोडेसेच कमी, आणि एवढ्या मुलखात आखलेल्या पायवाटा २४० किमी.हून थोड्याच अधिक. उरलेल्या ठिकाणी कोरडे ओढे, जुने खाणरस्ते आणि हातातला नकाशा एवढाच आधार. उद्यानाचे मुख्यालय पँथर जंक्शन येथे आहे. तेथून रुग्णालय असलेले आल्पाइन हे गाव सुमारे १७० किमी. दूर. बहुतेक वाटांवर मोबाइलला रेंज मिळत नाही.

सह्याद्रीत भटकणारा माणूस वाट अवघड की सोपी हे चढावरून ठरवतो. बिग बेंडमध्ये ते पाण्यावरून ठरते. पाच किलोमीटरची सपाट वाट मे महिन्यात जीव घेऊ शकते आणि वीस किलोमीटरची डोंगरवाट नोव्हेंबरात मजेत होते.

उद्यानात तीन वेगळे प्रदेश एकात एक बसले आहेत. भोवताली चिवावा वाळवंट, मधोमध चिसोस पर्वत, आणि दक्षिणेच्या कडेने नदीने कापलेल्या सांता एलेना, मारिस्काल व बोकियास या तीन घळई. संपूर्ण रांग एकाच राष्ट्रीय उद्यानात सामावलेली आहे, असा अमेरिकेत चिसोस हा एकच पर्वत. घळईंचा खडक चुनखडीचा आहे, क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळातल्या उथळ समुद्रात साचलेला. चिसोस मात्र आपल्या सह्याद्रीप्रमाणे ज्वालामुखीतून उभा राहिला, पण वयाने दख्खनच्या लाव्ह्याच्या जवळजवळ निम्मा, आणि रंगाने काळा नसून बराचसा फिका तांबूस. पूर्वेकडच्या नदीकाठची उंची साडेपाचशे मीटरांच्या आसपास, तर एमरी या सर्वोच्च शिखराची २,३८५ मी. या दोहोंच्या तपमानात एकाच दुपारी दहा अंशांहून अधिक फरक पडतो. त्यामुळे खाली काटेरी ओकोटियो आणि क्रिओसोटची झुडपे, तर वर ओक, पाइन आणि शरद ऋतूत लाल होणारे मेपल, असा पालट एका दिवसाच्या चालीत दिसतो. पावसाचा शिडकावा झाला की क्रिओसोटच्या पानांचा उग्र वास साऱ्या मैदानावर पसरतो; इथल्या लोकांचा मृद्गंध तोच.

मराठी वाचकाला इथल्या काही वनस्पती ओळखीच्या वाटतील आणि त्याला कारण आहे. आपल्या बांधांवरचे घायपात आणि फड्या निवडुंग हे मूळचे अमेरिका खंडातलेच. लेचुगिया हे बुटके घायपात चिवावा वाळवंटाची खूणच मानले जाते. त्याची ताठ पाती गुडघ्याखाली नेमकी नडगीच्या उंचीवर येतात, म्हणून त्याला ‘शिन डॅगर’, नडगीचा खंजीर, असेही म्हणतात. वाट सोडून चालू नका ही सूचना पर्यावरणासाठी असतेच; लेचुगियाच्या रानात ती पाळायला कुणी सांगावे लागत नाही.

वाटा कुणी पाडल्या हे पाहिले तर त्यातल्या थोड्याच हौशी चालणाऱ्यांसाठी होत्या. कोमांची या मूळ अमेरिकी जमातीच्या टोळ्या मेक्सिकोत लुटीला जात तो मार्ग याच भागातून जाई. पुढे गुराखी आले, पाऱ्याच्या खाणी निघाल्या, कांदेलिया नावाच्या झुडपाच्या कांड्या गंधकाम्लाच्या पाण्यात उकळून मेण काढणारे आले. प्रत्येकाने आपापली वाट मळली. १९०९ ते १९१९ या काळात मेक्सिकोच्या बाजूच्या खाणींतले शिसे, जस्त व चांदीचे खनिज नदीवरून तारेच्या पाळण्यांतून या तीरावर येई. त्या तारमार्गाचे लाकडी मनोरे आणि गंजलेले तारदोर ‘ओर टर्मिनल’ वाटेवर अजून पडलेले दिसतात.

मुद्दाम पर्यटकांसाठी बांधलेल्या वाटा १९३० नंतरच्या. महामंदीत बेकार तरुणांना काम देणाऱ्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या सरकारी योजनेतली मुले १९३४ मध्ये येथे आली. कुदळ-फावड्यांनी त्यांनी चिसोसच्या पोटातल्या बेसिन या खोलगट भागापर्यंत अकरा किलोमीटरचा रस्ता काढला, आणि १९४० ते १९४२ मध्ये ‘लॉस्ट माइन’ वाट बांधली. अमेरिकी संसदेने उद्यानाला १९३५ मध्ये मान्यता दिली होती, पण जमीन खरेदी करून द्यायची जबाबदारी टेक्सासवर होती. जमिनीचा दस्त अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हाती पडला तो ६ जून १९४४ रोजी. त्याच दिवशी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरत होते. सहा दिवसांनी, १२ जूनला, उद्यान स्थापन झाले.

डोंगरवाटांमध्ये नवख्याने पहिली करावी ती लॉस्ट माइन. जाऊन-येऊन पावणेआठ किमी., चढ साडेतीनशे मीटरांच्या आत, आणि शेवटी दोन्हीकडे दऱ्या असलेला उघडा कातळमाथा. नावामागे हरवलेल्या स्पॅनिश खाणीची दंतकथा आहे. ईस्टरच्या पहाटे नदीपारच्या सान व्हिसेंते ठाण्यातल्या देवळाच्या दारात उभे राहिले, तर सूर्याचा पहिला किरण खाणीच्या तोंडावर पडताना दिसतो म्हणतात. खाण कुणाला सापडलेली नाही, आणि इथल्या खडकात चांदी असण्याचा संभवही नाही.

‘विंडो’ वाट याच्या उलट स्वभावाची. बेसिन ही चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेली परात, आणि तिच्यात पडलेल्या सगळ्या पावसाला बाहेर पडायला पश्चिमेला एकच फट. वाट त्या पाण्याच्या मागे मागे उतरत जाते. शेवटच्या टप्प्यात ओढ्याच्या घळीत कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. मग भिंती जवळ येतात आणि पायांखालचा दगड वर्षानुवर्षांच्या पाण्याने घासून पाटा-वरवंट्यासारखा गुळगुळीत झालेला असतो. त्या दगडाच्या टोकाला साठ मीटरहून अधिक सरळ कडा आहे. कठडा नाही, दोर नाही, समोर फक्त चौकटीत बसवल्यासारखे वाळवंट. ओल्या दगडावर कडेच्या दिशेने एक पाऊलही टाकू नये. उतरताना सगळे खुशीत असतात. तीनशे मीटरांची परतीची चढण दुपारच्या उन्हात करावी लागते, तेव्हा पाणी संपल्याचे लक्षात येते.

‘साउथ रिम’ ही चिसोसची सर्वांत सुंदर वाट, असे प्रस्तुत लेखकाचे मत. वीस किमी.च्या आसपासचा हा फेरा पिनॅकल्स वाटेने चढून लगुना मेडोने उतरता येतो. मधे बूट कॅन्यन लागते. तिथला एक सुळका उलट्या ठेवलेल्या काउबॉयच्या बुटासारखा दिसतो. कोलिमा वॉर्बलर हा चिमुकला पक्षी अमेरिकेत नियमित विणीसाठी फक्त चिसोसमध्ये येतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुर्बिणी गळ्यात घातलेली माणसे या कॅन्यनमध्ये हमखास भेटतात. पुढे कड्यावर पोचल्यावर सहाशे मीटरांहून खोल पडलेले वाळवंट, नदी आणि मागे मेक्सिकोच्या रांगा एका नजरेत येतात. १ फेब्रुवारी ते ३१ मे या काळात बहिरी ससाण्यांच्या घरट्यांसाठी कड्याचा काही भाग बंद ठेवतात. एमरी शिखराची वाट याच मार्गाला फुटते. तिच्या फाट्यावर पोलादी पेट्या आहेत, कारण १९४० च्या दशकापर्यंत नाहीशी झालेली काळी अस्वले १९८० च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोतल्या डोंगरांमधून आपण होऊन परतली. जड पाठपिशवी पेटीत ठेवायची आणि हलक्या अंगाने वर जायचे. शेवटचे सात-आठ मीटर मात्र हातांनी धरून चढायचा दगड आहे. कातळारोहणाची सवय असलेल्याला तो काहीच वाटणार नाही, इतर बरेच जण त्याच्या पायथ्यालाच शिखर गाठले असे मानतात.

डोंगर आणि वाळवंट दोन्ही जोडणारा ‘आउटर माउंटन लूप’ सुमारे ४८ किमी.चा आहे आणि त्याला साधारण तीन दिवस लागतात. यातला डॉडसन वाटेचा टप्पा उघड्या वाळवंटातून ओढे-नाले ओलांडत जातो. सावली जवळजवळ नाही. उद्यानाचा दंडक माणशी दिवसाला ३.८ लिटर पाण्याचा, म्हणजे तीन दिवसांसाठी पाठीवर अकरा किलो नुसते पाणी. म्हणून अनुभवी लोक आदल्या दिवशी मोटारीने होमर विल्सन यांच्या जुन्या पशुवाड्यापाशी जातात आणि तिथल्या पेटीत नाव-तारीख लिहून पाण्याचे कॅन ठेवून येतात. नकाशावरचे झरे हंगामी आहेत. बूट स्प्रिंगला पाणी आहे का, हे निघण्यापूर्वी रेंजरला विचारणे हा तयारीचाच भाग.

वाळवंटातले खात्रीचे म्हणावे असे पाणी असते ते ‘तिनाहां’मध्ये. ओढ्याच्या कातळात पाण्यानेच कोरलेले हे रांजण आपल्या गडांवरच्या टाक्यांसारखे दिसतात, पण त्यांना पायऱ्या नसतात. पाणी खाली गेले की तहानेने उतरलेले जनावर गुळगुळीत भिंतींवरून परत वर येऊ शकत नाही. अर्न्स्ट तिनाहामध्ये अशी जनावरे बुडालेली आहेत.

घळईंतल्या वाटा लहान आहेत. सांता एलेनाची जाऊन-येऊन तीन किमी.सुद्धा भरत नाही, पण सुरुवातीलाच तेर्लिंगुआ ओढा ओलांडावा लागतो. पूर नुकताच ओसरला असेल तर पोटरीपर्यंत चिखल. पलीकडे काँक्रीटच्या पायऱ्यांनी थोडे वर चढायचे, मग बांबूसारख्या बोरूच्या बेटांतून नदीकाठी उतरायचे. दोन्ही भिंती साडेचारशे मीटर उंच; प्रवाहाच्या उगमाकडे तोंड केले तर डावी मेक्सिकोची, उजवी टेक्सासची. जिथे उजवी भिंत थेट पाण्यात उतरते तिथे वाट संपते. हे पाणी नावाला रिओ ग्रांदचे. तिचा वरचा प्रवाह शेतीसाठी जवळपास पुरता उचलला जातो आणि इथे येते ते मुख्यतः मेक्सिकोतल्या कोंचोस नदीचे. मे २०२२ मध्ये तेही आटले आणि घळईत कोरडे पात्र उरले.

मोसम नोव्हेंबर ते मार्च. ह्यूस्टनहून मोटारीने नऊ-दहा तास लागत असल्याने टेक्सासमधली मराठी कुटुंबेही थँक्सगिव्हिंग किंवा नाताळची जोडून सुट्टी धरतात, आणि नेमकी तेव्हाच बेसिनमधली तंबूंची जागा महिनोन्महिने आधी भरलेली असते. उन्हाळ्यात नदीकाठचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. बोकियासजवळची मारुफो वेगा ही साडेबावीस किमी.ची वाट उद्यानातली सर्वांत घातकी. तिच्यावर ना सावली ना पाणी. जून २०२३ मध्ये ४८ अंश सेल्सिअसच्या उन्हात तिथे एका किशोरवयीन मुलाचा मृत्यू झाला. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वळवासारखा पाऊस येतो तेव्हा भीती उलटी असते. दूर डोंगरावर ढग फुटला की निळ्या आकाशाखालचा कोरडा ओढा काही मिनिटांत भरून वाहतो, म्हणून ओढ्याच्या पात्रात तंबू लावत नाहीत. रानात मुक्कामाला परवाना लागतो. कुत्र्यांना कुठल्याही पायवाटेवर बंदी आहे. रात्रीच्या अंधाराबद्दल उद्यानाला २०१२ पासून आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ दर्जा आहे, तेव्हा मुक्काम करायचाच तर अमावास्येच्या आसपास करावा.

बोकियास घळईची वाट सव्वादोन किमी.ची. वाटेत कातळावर तांब्याच्या तारेचे विंचू, मण्यांचे रोडरनर पक्षी आणि रंगवलेल्या काठ्या मांडून ठेवलेल्या दिसतात. शेजारी किमती लिहिलेला कागद आणि पैशांसाठी बरणी. विकणारा कुठेच नाही. तो पलीकडच्या तीरावर, बोकियास देल कार्मेन गावचा असतो आणि संध्याकाळी नदी ओलांडून बरणी रिकामी करतो. ही खरेदी कायद्याने निषिद्ध आहे. माल जप्त होतो. नदीपार कायदेशीर जायचे तर २०१३ मध्ये पुन्हा उघडलेल्या नाक्यावर पासपोर्ट दाखवून वल्ह्याच्या नावेत बसावे लागते. तिथे तोच विंचू दुकानात मिळतो.