सात वाजले, पण सकाळचे की संध्याकाळचे?

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या मानेवाडा चौकाच्या जरा पुढे पेट्रोल भरलं, टायरची हवा पाहिली, दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर सेल्फ नुसताच फिरतोय, गाडी काही घेत नाही. मागे रांग लागलेली. पंपावरच्या पोरांनी ढकलून गाडी बाजूला लावली आणि तिथल्या प्रत्येकानं आपापलं निदान सांगितलं. एक काका म्हणाले, "ऊन लागलं हो गाडीले." दुसऱ्यांचं म्हणणं, या सेन्सरच्या गाड्याच बेकार, कार्बोरेटरवाल्या बऱ्या होत्या. अर्ध्या तासानं गाडी आपली आपणच सुरू झाली. पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा हेच.

अजनीच्या आमच्या मिस्त्रीनं स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला पी ०३४०. "कॅम सेन्सर आहे सर. गरम झाला का दगा देऊन राहिला." मग त्यानं मजा केली. गाडी तापवून बंद पाडली, सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरचा प्लग, काढून टाकला आणि सेल्फ मारला. जरा जास्त वेळ घेतला, पण गाडी सुरू झाली! म्हणजे सेन्सर जोडलेला असताना बंद आणि काढून टाकला की चालू. मला रात्री झोप लागेना.

चार स्ट्रोक शाळेत शिकलेले असतात: हवा-पेट्रोल आत, दाब, स्फोट, धूर बाहेर. या चार कामांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणाऱ्या दांड्याचे, दोन फेरे होतात. क्रँकपाशी एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. ती रिकामी जागा तिथल्या सेन्सरसमोरून गेली की गाडीतल्या कॉम्प्युटरला कळतं, पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कुठे आहे. अडचण इथेच आहे. पिस्टन वर आलाय हे कळलं, पण तो दाब देऊन वर आलाय की धूर ढकलून? दोन्ही वेळी क्रँक नेमका त्याच जागी असतो.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजलेत, पण सकाळचे की संध्याकाळचे हे घड्याळ सांगू शकत नाही, तसंच हे. खिडकीबाहेर पाहावं लागतं. इंजिनाची खिडकी म्हणजे कॅमशाफ्ट. व्हॉल्व्ह उघडझाप करणारा हा दांडा क्रँकला चेननं किंवा बेल्टनं जोडलेला असतो आणि त्याच्या चाकाला दुप्पट दाते असतात, म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांत तो एकच फेरा घेतो. त्यावरच्या खुणेकडे पाहत बसलेला चौकीदार म्हणजे कॅम सेन्सर. ठिणगी तो पाडत नाही, हे आधी डोक्यातून काढा. तो फक्त "सकाळ आहे" किंवा "संध्याकाळ आहे" एवढंच सांगतो. घाई मात्र केवढी! ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना, क्रँकचा एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो आणि एक अंश फिरायला सेकंदाचा साधारण अठरा हजारावा भाग लागतो.

आता माझा आवडता भाग. हा चौकीदार पाहतो कसा? तेलात, अंधारात, मिलिमीटरभर अंतरावरून, स्पर्श न करता?

१८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलचं एक विधान पटेना. चुंबकाचं बल वीजवाहक तारेवर पडतं, तिच्यातल्या प्रवाहावर नाही, असं मॅक्सवेलनं लिहिलं होतं. हॉलनं काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, त्यातून वीज सोडली आणि वर्खाच्या आरपार चुंबकीय क्षेत्र दिलं. प्रवाह लांबीच्या दिशेनं चाललेला, पण रुंदीच्या दोन काठांमध्ये हलकासा व्होल्टेज उमटला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून १८ वर्षं होती, हे लक्षात घ्या.

घडतं ते असं. चालत्या इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्र बाजूला ढकलतं. इलेक्ट्रॉन एका काठाला गोळा होतात, दुसरा काठ ओस पडतो. गर्दी वाढली की ती नव्यानं येणाऱ्यांना उलट रेटते. दोन्ही रेटे सारखे झाले की मामला थांबतो आणि दोन काठांत उरलेला फरक म्हणजे हॉल व्होल्टेज. पट्टी जितकी पातळ, तितका तो जास्त, म्हणून तर वर्ख. संत्रा बर्फीवर चांदीचा असतो तसा.

पण सेन्सरमध्ये सोनं नसतं, सिलिकॉनसारखा अर्धवाहक असतो. कारण गंमतीचं आहे. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन अफाट, त्यामुळे ठरावीक प्रवाह न्यायला प्रत्येकानं गोगलगायीसारखं सरकलं तरी भागतं. अर्धवाहकात ते लाखो पटींनी कमी. तेवढाच प्रवाह न्यायचा तर प्रत्येकाला धावावं लागतं, आणि चुंबकाचा आडवा रेटा वेगाच्या प्रमाणात वाढतो. सूत्रात हॉल व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले क्षेत्र, भागिले जाडी, इलेक्ट्रॉनांची घनता आणि विद्युतभार यांचा गुणाकार. घनता भाजकात आहे, तिथेच सगळी किमया. सेन्सरच्या आत पट्टीमागे एक छोटं चुंबक बसवलेलं असतं. लोखंडी दाता समोर आला की क्षेत्र पट्टीतून एकवटतं, व्होल्टेज वाढतो, चिपमधलं सर्किट तो मोठा करून बाहेर सरळ "आहे" किंवा "नाही" पाठवतं. "आहे" म्हणायची पातळी जरा वर आणि "नाही" म्हणायची जरा खाली ठेवलेली असते, म्हणजे सीमेवर कुरबुर होत नाही.

चुंबकावरून आठवलं. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बांधा, एव्हरेज वाढेल, अशी जाहिरात दर काही महिन्यांनी मोबाइलवर येते. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो की त्यानं ज्वलनात काही फरक पडत नाही. त्यापेक्षा बंपरला लिंबू-मिरची बांधा, निदान स्वस्तात पडते.

उन्हाचा दोषही अर्धवटच. असे सेन्सर साधारण १५० अंशांपर्यंत टिकतील असे बनवतात, नागपूरचा ४५ चा पारा त्यांना काहीच नाही. खरा घात गाडी बंद केल्यावर होतो. पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो आणि हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, साठलेली उष्णता सेन्सरमध्ये चढते. आतल्या जोडाला केसाएवढी भेग पडलेली असेल तर ती तापून फाकते, थंड झाली की मिटते. पंपावरच्या त्या दहा मिनिटांचं रहस्य हे.

आणि कपलरचं? जोडलेला सेन्सर तापल्यावर भलतेच इशारे देत होता, कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवून चुकीच्या वेळी ठिणगी पाडत होता. काढल्यावर कॉम्प्युटरला कळलं की चौकीदारच नाही. मग तो क्रँकच्या भरवशावर अंदाजानं चालतो. काही गाड्यांत दोन्ही फेऱ्यांत ठिणगी पडते, एक वाया जाते. काही गाड्या अर्थात अशा वेळी सुरूच होत नाहीत.

मिस्त्रीनं नवा सेन्सर लगेच बसवला नाही, हे मला आवडलं. कोड "सेन्सर खराब" असं म्हणत नाही, "या सर्किटचा इशारा बरोबर नाही" म्हणतो. उंदरानं कुरतडलेली वायरही तोच कोड देते. त्यानं मल्टिमीटर लावून तीन वायर तपासल्या: पाच व्होल्ट येतात, अर्थिंग ठीक, सिग्नलची वायर शाबूत. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढून दहाच्या पान्यानं एक बोल्ट उघडला, सेन्सर हलक्या हातानं फिरवत ओढला, नव्याच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कडीला, इंजिन ऑइलचं बोट लावलं आणि दाबून बसवला. बोल्ट जोर लावून आवळला नाही, कारण खालचं अ‍ॅल्युमिनियम आहे. वीस मिनिटांचं काम.

जुना सेन्सर मी घरी आणला. मोबाइल चार्जरचे पाच व्होल्ट दिले, सिग्नलला रेझिस्टरमधून छोटा एलईडी जोडला आणि समोर स्क्रू-ड्रायव्हर नेला. लागला. दूर नेला, विझला. बिचारा अगदी इमानदार. मग लेकीचा हेअर ड्रायर लावला. तिसऱ्या मिनिटाला, स्क्रू-ड्रायव्हर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडलेला असताना, एलईडी आपोआप लुकलुकायला लागला.