निकेल किती सुटतं, त्यावर सगळं

मे महिन्यात इंदुरात कुणाच्या मानेवर पुरळ उठलं, की घरातलं पहिलं निदान घामोळ्यांचं असतं आणि दुसरं गजकर्णाचं. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब येते. चार दिवस बरं वाटतं, पुरळ परत उठतं, पुन्हा तीच ट्यूब. अशानं त्वचा पातळ होते आणि खरोखरच बुरशी असेल तर ती फोफावते. म्हणून औषधाआधी पुरळाची जागा नीट पाहावी. मंगळसूत्राच्या रेषेत आहे का? कानाच्या पाळीवर, घड्याळाच्या बकलाखाली, बेंबीखाली जीन्सच्या बटणाएवढं? तसं असेल तर संशय निकेल या धातूच्या ॲलर्जीवर घ्यावा.

घामातलं मीठ अशा वस्तूंवरचा निकेलचा मुलामा हळूहळू झिजवतं. सुटलेले भारित कण त्वचेत शिरून आपल्याच प्रथिनांना चिकटतात आणि शरीराच्या टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ती प्रथिनं परकी वाटू लागतात. २०१० साली जर्मन संशोधकांनी यातला एक महत्त्वाचा दुवा दाखवला. जीवाणूंची चाहूल घेणारा टीएलआर-४ नावाचा ग्राही आपल्या पेशींवर असतो. निकेल थेट त्यालाच जाऊन चिकटतं आणि जंतू आल्याची खोटी वर्दी देतं. उंदराच्या ग्राहीत त्या जागचे हिस्टिडिन हे घटक नसतात, त्यामुळे निकेल त्याला तसं चेतवू शकत नाही.

एकदा ओळख पटली की टी पेशी ती सहसा आयुष्यभर विसरत नाहीत. शिवाय त्यांचं काम सावकाश चालतं. शनिवारी लग्नात खोटा हार घातला तर खाज रविवारी-सोमवारी सुटते, आणि तोवर हार डब्यात गेलेला असल्यामुळे दोष साबणाला दिला जातो. खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करावी. पाच टक्के निकेल सल्फेट घातलेलं पेट्रोलियम जेलीचं मलम पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात, काढून पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. ॲलर्जीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत हे कळत नाही.

मग घाबरून लोक स्वयंपाकघरातलं सगळं स्टील काढायला निघतात. तसं करायची गरज नाही. ताटवाट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, पण क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर ते आत धरून ठेवतो. ताटात जेवून पुरळ येत नाही. फक्त बर्तन बाजारातून आणलेल्या कोऱ्या पातेल्यात टोमॅटोसारखं आंबट फार वेळ रटरटू देऊ नये, कारण पहिल्या काही वापरांत निकेल जास्त उतरतं, नंतर कमी होत जातं. याउलट मंगळसूत्राला किंवा बांगडीला अडकवलेली ती एवढीशी सेफ्टीपिन! तिच्यात निकेल कमीच, पण असतं ते सगळं वरच्या मुलाम्यात, आणि दिवसभर घामाला लागून. ती आधी काढा.

सराफ्यातलं २२ कॅरेटचं सोनं बहुधा सोसतं, कारण त्यात भर असते ती तांब्याची आणि चांदीची. पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल असू शकतं, विचारून घ्यावं. खोट्या दागिन्यांसाठी डायमिथिलग्लायॉक्सिम या रसायनाची सोपी चाचणी आहे: कापसावर थेंब घेऊन दागिन्यावर घासायचा, कापूस गुलाबी झाला की निकेल सुटतंय. डेन्मार्कनं १९९० साली आणि युरोपीय संघानं १९९४ साली निकेलवर निर्बंध आणले. त्यांची मर्यादा दागिन्यात निकेल किती आहे यावर नाही, सुटतं किती यावर आहे: त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम, टोचून घालायच्या दागिन्यांसाठी ०.२. त्यानंतर कान टोचलेल्या डॅनिश मुलींमध्ये ही ॲलर्जी कमी झाली. आपल्याकडे खोट्या कानातल्यांच्या पाकिटावर असा आकडा छापलेला मी पाहिलेला नाही. तो छापला जावा, असं मला मनापासून वाटतं.

राहिलं खाणं. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इंदुरातच आहे आणि माळव्याच्या काळ्या मातीत हे पीक शेतोशेती दिसतं. या झाडाला निकेल लागतंच. युरिया फोडणाऱ्या युरिएज विकरात निकेल असतं हे १९७५ मध्ये कळलं, आणि १९८३ मध्ये सोयाबीनवरच दिसलं की निकेल मिळालं नाही तर पानांच्या टोकांशी युरिया साचून ती करपतात. (मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.) सोया, डाळी, शेंगदाणे, काजू, ओट्स, कोको यांत निकेल जास्त. पण बहुतेकांना खाण्यानं काही होत नाही. धातू टाळूनही तळहातांवर पाण्याचे बारीक फोड येतच राहिले, तर डॉक्टर काही काळ आहार बदलून पाहतात. शाकाहारी घरात स्वतःच्या मनानं डाळ बंद करू नये. शिवाय लोह कमी असलं की आतडं निकेल जास्त शोषतं, त्यामुळे हिमोग्लोबिन आधी तपासावं.

सुरुवात पुष्कळदा कान टोचताना होते, कारण ओल्या जखमेत निकेल सरळ आत जातं. मुलीचे कान टोचायचे असतील तर सोन्याची तार घालावी, आणि भोकांची जखम पूर्ण भरून येईपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे, मेळ्यातली झुमकी तिला घालू नयेत.