आफ्रिदी

पाकिस्तानच्या खैबर पख्तूनख्वा प्रांतातील एक पश्तून जमात. पेशावरच्या पश्चिमेची खैबर खिंड, बारा नदीचे खोरे, तिराहचा डोंगराळ मुलूख आणि कोहाटची खिंड हा तिचा प्रदेश. कुकी खेल, मलिकदीन खेल, जक्का खेल, आदम खेल अशा आठ प्रमुख शाखा असून धर्माने आफ्रिदी सुन्नी मुसलमान आहेत. पूर्वी बरीच कुटुंबे उन्हाळा तिराहात काढीत आणि थंडीत गुरांसह खाली बाराच्या मैदानात उतरत.

जमीन थोडी, पण वाट मोक्याची. काबूल-पेशावर मार्गावरील काफिल्यांकडून आफ्रिदी पैसे घेत. राज्यकर्त्यांनी याला लूट म्हटले आणि तरीही वाट उघडी राहावी म्हणून भत्ते दिले. म्हणजे व्यवहारात ती जकातच होती.

1672 मध्ये ऐमल खानाच्या नेतृत्वाखाली आफ्रिदींनी काबूलचा मोगल सुभेदार मुहम्मद अमीन खान याची फौज खैबरमध्ये बुडवली. खुशाल खान खटक हा कवी-सरदारही बंडात उतरला. 1674 मध्ये औरंगजेब स्वतः हसन अब्दाल या गावी जाऊन बसला, तो वर्षाहून अधिक काळ. दिलेरखानाला दक्षिणेतून तिकडे बोलावले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. मोगलांचा दक्षिणेतील जोर तेव्हा का ओसरला होता, हे सांगताना या खिंडीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. शेवटी बंड मोडले ते लढाईपेक्षा पैसा, मनसबी आणि टोळ्यांतील फूट यांनी.

फूट पाडणे सोपे होते, कारण सगळ्या जमातीचा एक राजा कधी नव्हता. मलिक, म्हणजे मुखिया, असत, पण निर्णय जिरग्यात, म्हणजे जमातीच्या पंचायतीत, पुरुषांच्या एकमताने. स्त्रियांना तिथे स्थान नसे. चुलतभावांतील भाऊबंदकी इतकी तीव्र की घराला टेहळणीचा बुरूज बांधत. ‘बदल’ म्हणजे सूड, तो पिढ्यान्‌पिढ्या चाले. मात्र शत्रू ‘ननवाते’ करत, शरण येऊन, दारात उभा राहिला तर त्याला परत पाठवणे नामुष्कीचे. पाहुण्याचा मुक्काम हुजऱ्यात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत. त्याच्या जिवाची हमी यजमानाची.

इंग्रजांनी 1878 मध्ये खैबर रायफल्स उभारली, तीत आफ्रिदींचाच मोठा भरणा होता. 1897 च्या उठावात आफ्रिदींनी खिंडीतील ठाणी घेतली, तेव्हा ठाण्यांच्या आतून इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्यांतही आफ्रिदी होते. त्यानंतर इंग्रज सेनापती लॉकहार्टने तिराहवर मोठी मोहीम काढली. आदम खेलांचे दर्रा हे गाव पुढे हातबनावटीच्या बंदुकांसाठी प्रसिद्ध झाले. 2018 मध्ये हा टोळीप्रदेश प्रांतात विलीन झाला.

काही आफ्रिदी घराणी मोगलकाळात उत्तर भारतात स्थिरावली. राष्ट्रपती झाकीर हुसेन हे फर्रुखाबाद जिल्ह्यातील कायमगंजच्या अशाच घराण्यातले.