साहित्यविषयक निबंधाचे पुनर्लेखन व संपादन

कथा, कविता, नाटक किंवा कादंबरी यांवर विद्यार्थ्याने लिहिलेल्या निबंधाचा कच्चा खर्डा तपासून त्यातील प्रतिपादन, पुरावे, मांडणी आणि भाषा सुधारण्याची ही प्रक्रिया आहे. पुनर्लेखनाचा संबंध विचाराशी असतो, तर संपादनाचा वाक्यरचना व शब्दनिवडीशी. शुद्धलेखनाची तपासणी सर्वांत शेवटी येते. हा क्रम उलटला, तर पुढे गाळावा लागणारा परिच्छेदच घासूनपुसून स्वच्छ करण्यात वेळ जातो.

लिहिलेला मजकूर काही काळ बाजूला ठेवावा, म्हणजे तो नवा आणि दुसऱ्याचा असल्यासारखा वाचता येतो, असे पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने सांगून ठेवले आहे. अमेरिकन अभ्यासक नॅन्सी सोमर्स यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की विद्यार्थी दुरुस्ती म्हणजे मुख्यतः शब्दांची अदलाबदल समजतात, तर अनुभवी लेखक दुरुस्ती करताना आपल्या युक्तिवादाचा आकार शोधत असतात.

साहित्यावरील निबंधात ही गोष्ट अधिकच जाणवते, कारण येथे ढिले वाक्य बहुधा ढिल्या वाचनातून आलेले असते. ‘या कथेत आईच्या एकाकीपणाचे प्रभावी चित्रण आले आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी ते शेकडो कथांना लागू पडेल. मूळ कथा पुन्हा उघडल्यावर विद्यार्थ्याच्या लक्षात येते, की मुलगा निघून गेल्यानंतर आई रात्री दाराला कडी घालत नाही आणि निवेदक तिच्या दुःखाविषयी अवाक्षर काढत नाही. मग वाक्य असे होते : ‘आईचे दुःख निवेदक सांगत नाही; ते उघड्या राहिलेल्या कडीतून वाचकाला कळते.’ आता निबंधाला सिद्ध करण्याजोगे विधान मिळाले आहे, आणि त्याच्याशी संबंध नसलेले कथासार आपोआप गळू लागते. प्रत्येक परिच्छेदाचा आशय समासात एका ओळीत लिहून त्या ओळी सलग वाचल्या, की युक्तिवाद कोठे तुटतो आणि कोठे नुसते कथानक पुढे सरकते, हेही दिसते.

संपादनाच्या टप्प्यावर अवतरणे मूळ पुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहावी लागतात. कवितेतील ओळ कोठे मोडली आहे, हा अर्थाचाच भाग असल्याने ती तशीच राखणे आवश्यक असते. निवेदकाचे किंवा पात्राचे मत लेखकाच्या नावावर घातले जाणे, ही या निबंधांतील नेहमीची चूक आहे.

शिक्षकाने वाक्ये स्वतः लिहून देऊ नयेत. ‘अधिक स्पष्ट करा’ यासारखे शेरे कोणत्याही निबंधावर चालतात आणि म्हणून विद्यार्थ्याच्या फारसे उपयोगी पडत नाहीत, असे सोमर्स यांनीच १९८२ मध्ये दाखवून दिले. ‘हे तुम्हाला कथेतील कोणत्या ओळीवरून वाटले?’ असा समासातला प्रश्न विद्यार्थ्याला पुन्हा पुस्तकाकडे पाठवतो.