टोनचा नॉब आणि इक्वलायझरचा डबा

दिवाळी आटोपून गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम लागतो. वडसा, म्हणजे देसाईगंजहून कंपन्यांच्या गाड्या सुटतात, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मंच उभा राहतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. मंचाच्या कडेला ऑर्गन, तबला-ढोलकी, ऑक्टोपॅड आणि शेवटच्या खुर्चीवर गिटार घेऊन मी. गेल्या हंगामात मी सात स्लायडरचं एक स्वस्तातलं ग्राफिक इक्वलायझर पेडल घेतलं, म्हणजे आवाजाचे सात पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारा, पायाशी ठेवायचा डबा. ऑर्गनवाल्या काकांनी ते हातात उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "टोन त हायेच ना गा गिटारले. मंग हा डबा कायले?"

हा प्रश्न मला नंतर बऱ्याच पोरांनी विचारला. गिटारवरचा टोनचा नॉबही आवाजाचा पोत बदलतो आणि इक्वलायझरही पोतच बदलतो, म्हणून दोन्ही एकच काम करतात असं वाटणं साहजिक आहे. पण एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की आवाज बिघडतो.

बांधीचंच उदाहरण घेऊ. टोनचा नॉब म्हणजे भरलेल्या बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, वरच्या अंगाला ठेवलेली एक मोरी. उघडली की वरचं पाणी वाहून जाणार, बंद केली की थांबणार. तिच्यातून पाणी आत आणता येत नाही आणि तळाचं पाणी तिच्यातून काढताही येत नाही. नॉबच्या मागे फक्त एक पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रोध, आणि एक कपॅसिटर, म्हणजे बारीक आवाजाला वाट देणारा छोटा भाग, असतो. पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग. हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला बहुतेक वेळा ५०० किलोओमचा पॉट आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सिंगल कॉइलला, म्हणजे एका गुंडाळीच्या पिकअपला, २५० किलोओम आणि ०.०४७. नॉब मागे फिरवला की तारेतून आलेल्या आवाजातला वरचा, बारीक भाग कपॅसिटरवाटे जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जातो. खालचा भाग तसाच पुढे येतो. याला ना बॅटरी लागते ना अडॅप्टर, आणि म्हणूनच यातून काही वाढवता येत नाही. नॉब १० वर असणं म्हणजे ट्रेबल, म्हणजे हा बारीक भाग, वाढवणं नव्हे. पिकअपमध्ये जेवढा आहे तेवढा येऊ देणं, एवढंच. नॉब बंद केल्यावर आवाज 'जाड झाला' असं आपण म्हणतो, पण जाडी वाढलेली नसते, धार गेलेली असते.

इक्वलायझर म्हणजे एकीला लागून एक अशा सात बांध्या. प्रत्येकीला स्वतःची मोरी आणि स्वतःची मोटर. हवी तिथून काढा, हवी तिथे भरा. मोटर आहे म्हणून वीज लागणार : ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी किंवा अडॅप्टर. आणि शेजारच्या बांधीत पाणी पाझरतं तसं इथेही होतं. ४०० हर्ट्झचा स्लायडर वर नेला की २०० आणि ८०० सुद्धा थोडे उचलले जातात. त्यामुळे एक स्लायडर पार वर आणि शेजारचा पार खाली, असल्या मांडणीतून फारसं काही हाती लागत नाही.

सात पट्ट्यांची ही मांडणी जुनी आहे. बॉसचं जीई-७ पेडल १९८१ मध्ये आलं. त्यात १००, २००, ४००, ८०० हर्ट्झ आणि १.६, ३.२, ६.४ किलोहर्ट्झ असे सात स्लायडर आहेत, आणि आठवा लेव्हलचा, म्हणजे एकूण आवाजाचा. बेहरिंगरच्या ईक्यू-७०० सारख्या स्वस्त पेडलांमध्येही पट्टे हेच. प्रत्येक पट्टा १५ डेसिबलपर्यंत वर किंवा खाली जातो. ६ डेसिबल म्हणजे सिग्नल जवळपास दुप्पट, १५ म्हणजे साडेपाच पटींहून जास्त. स्लायडर बोटाच्या एका पेराएवढा सरकतो, पण तेवढ्यात आवाजाचं रूप पार पालटतं.

आता हे आकडे गिटारच्या तारांवर बसवून पाहा. सगळ्यात जाड मोकळी तार ८२ हर्ट्झवर बोलते, सगळ्यात बारीक ३३० वर, आणि तीच बाराव्या फ्रेटवर ६६० वर. म्हणजे सुरांचं मूळ खालच्या तीन-चार पट्ट्यांतच येऊन जातं. १०० आणि २०० मध्ये आवाजाची जाडी आहे. ४०० मध्ये तो मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमारा. ८०० आणि १.६ मध्ये गिटारचं खरं बोलणं आहे, ३.२ मध्ये पिकची धार. ६.४ वर सूर जवळपास उरत नाही, नुसती सळसळ. स्वस्त पेडलची स्वतःची सूंऽऽ ही तिथेच बसलेली असते, म्हणून तो स्लायडर मी कधीच वर नेत नाही. गिटार अँपच्या बारा इंची स्पीकरमध्ये ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं येत नाही, त्यामुळे तिथे ही सळसळ लपते. पण आपल्याकडे गिटार प्रोसेसरमधून थेट मिक्सरमध्ये आणि तिथून भोंग्याच्या बॉक्समध्ये जाते. तिथे ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येते.

पेडल आणल्यावर पहिले काही दिवस घरी मी काठचे स्लायडर वर आणि मधले खाली असं लावलं होतं. एकट्याने वाजवताना फार गोड लागायचं. पहिल्याच खेळात, दुसऱ्या अंकात ऑर्गन आणि ढोलकी सुरू झाली आणि माझी गिटार गायब. हात चालतोय हे दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. मला वाईट वाटलं, कारण चाल मी आठ दिवस बसवली होती. कारण नंतर कळलं : खालची जागा ढोलकीने आणि ऑर्गनच्या डाव्या हाताने धरलेली असते, वरची झांज आणि ऑक्टोपॅडने. गिटारला उरते ती मधली जागा, आणि तीच मी कापून टाकली होती. दुसऱ्या दिवशी ८०० आणि १.६ तीन-तीन डेसिबल वर, १०० खाली. गिटार परत आली, आवाज न वाढवता. टोनचा नॉब इथे कितीही फिरवला असता तरी उपयोग नव्हता. मधलं उचलण्याची ताकद त्याच्यात नाही.

शिट्टीचंही, म्हणजे फीडबॅकचंही तसंच. डब्याची, म्हणजे अकूस्टिक गिटार मंचावर लावली की समोरच्या बॉक्सचा आवाज तिच्या पोटात शिरतो आणि ती 'हूंऽऽ' करत घुमायला लागते. ही हूं खालची असते, १०० ते २०० च्या आसपास. त्या दोन स्लायडरपैकी एक हळूहळू खाली आणा, कुठेतरी ती एकदम गप्प होते. तेवढंच कापा, जास्त नको. (अशा गिटारच्या कुशीत तीन-चार स्लायडरची पट्टी असते. ती टोनच्या नॉबच्या जातीची नाही, तो छोटा इक्वलायझरच आहे आणि त्यालाही बॅटरी लागते.)

मग टोनचा नॉब निरुपयोगी का? अजिबात नाही. उलट वाजवताना माझा हात त्याच्यावरच असतो. लावणीला नॉब १० वर. आई-लेकाच्या ताटातुटीच्या प्रसंगात करंगळीने तो तीनवर आणला की गिटार रडवेली होते, आणि मला खाली वाकावं लागत नाही. मंच अंधारात असतो तेव्हा पायाशी पडलेल्या पेडलचे सात स्लायडर कोण शोधणार! इक्वलायझर पडदा उघडण्याआधी त्या गावासाठी, त्या साऊंडसाठी एकदा लावायचा. टोन त्या क्षणासाठी, त्या ओळीसाठी फिरवायचा.

एका ठिकाणी मात्र दोघं जवळ येतात. टोन गिटारमध्येच असल्याने तो नेहमी डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलच्या, आधी येतो. इक्वलायझरही डिस्टॉर्शनच्या आधी जोडला तर आवाज कसा फाटेल ते बदलतं. १०० खाली घेतलं तर जाड तारा चिखलात रुतल्यासारख्या वाटत नाहीत. तोच इक्वलायझर डिस्टॉर्शननंतर जोडला तर फाटून झालेल्या आवाजाला आकार मिळतो. सोलोसाठी लेव्हल वर करून आवाज मोठा करायचा असेल तर तो नंतरच जोडावा. आधी जोडलात तर आवाज मोठा होण्याऐवजी जास्त फाटतो.

अडॅप्टरकडे लक्ष ठेवा. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट आणि पिनच्या मध्ये ऋण लागतं. राऊटर किंवा कॅमेऱ्याचा अडॅप्टर त्याच भोकात बसतो, पण तो बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्ये धन असलेला असतो. बॅटरीवर वाजवत असाल तर खेळ संपला की पेडलच्या इनपुटची वायर काढा, नाहीतर ती रात्रभर बॅटरी पिते. आणि धानाचा गर्दा स्लायडरच्या फटीत गेला की खरखर सुरू होते, म्हणून मी पेडल जुन्या सुती दुपट्ट्यात गुंडाळून नेतो.

स्लायडर पिशवीत हलतात. माझ्या पेडलवर प्रत्येकाच्या कडेला नेलपॉलिशचा बारीक लाल ठिपका आहे. परवा मंच लागत असताना काका स्वतःच टॉर्च घेऊन खाली बसले, ठिपक्यांवर उजेड टाकला आणि म्हणाले, "दोनशेवाला आणखी जरासा खाली घे गा, इथं बॉक्स जवळ हायेत."