विवेकनिष्ठ मानसोपचार

विवेकनिष्ठ मानसोपचार : बोलण्यातून आणि सरावातून करायची एक मानसोपचारपद्धती. घटना मनाच्या त्रासाला निमित्त होते, पण त्रास धुमसत राहतो तो त्या घटनेबद्दल माणसाने धरलेल्या हट्टामुळे, हे या पद्धतीचे मूळ सूत्र. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी ती १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये वापरायला सुरुवात केली. सुरुवातीचे नाव ‘रॅशनल थेरपी’. ही फक्त डोक्याने करायची कोरडी कसरत आहे, असा लोकांचा समज झाल्यामुळे १९६१ मध्ये नावात ‘इमोटिव्ह’ आणि १९९३ मध्ये ‘बिहेविअर’ हे शब्द आले. आद्याक्षरांवरून तिला सर्रास ‘आरईबीटी’ म्हणतात. विचार, भावना आणि कृती या तिन्हींवर एकदम काम केले नाही, तर ती खरोखरच कोरडी कसरत उरते.

उगम

एकोणिसाव्या वर्षापर्यंत एलिस मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. त्यावर त्यांनी स्वतःच एक उपाय केला. ब्रॉंक्समधील वनस्पतिउद्यानात महिनाभर रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचे. त्यांच्याच हिशेबानुसार अशा १३० स्त्रिया झाल्या. ३० जणी लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले, एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि ती आली नाही. भेटीच्या हिशेबाने हा प्रयोग साफ फसला. भीती मात्र गेली, कारण नकार मिळूनही काही कोसळले नाही, हे १३० वेळा अनुभवून झाले होते. या पद्धतीत गृहपाठाला जे महत्त्व आहे, त्याचे बीज इथे आहे.

पुढे एलिस मनोविश्लेषक, म्हणजे फ्रॉइडच्या परंपरेतले उपचारक, झाले. रुग्णांना आपल्या त्रासाचे बालपणातील मूळ कळते, पण वागणे बदलत नाही, हे पाहून १९५३च्या सुमारास त्यांनी ती वाट सोडली. वैचारिक आधार त्यांना प्राचीन ग्रीक स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्यात सापडला. माणसांना गोष्टी अस्वस्थ करत नाहीत, गोष्टींविषयीची त्यांची मते करतात, हे त्याचे म्हणणे एलिस आयुष्यभर सांगत राहिले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांची बोधनिक उपचारपद्धती (कॉग्निटिव्ह थेरपी) १९६०च्या दशकातली, म्हणजे आरईबीटीची धाकटी बहीण. संशोधनाचे पाठबळ मात्र धाकटीलाच जास्त मिळाले.

महाराष्ट्रात ही पद्धती रुजवण्याचे श्रेय मुख्यतः मानसोपचारक कि. मो. फडके यांचे. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. ठाण्यातील इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (स्थापना १९९०) या संस्थेने मराठी श्रोत्यांपर्यंत ती मोठ्या प्रमाणावर नेली. ‘विवेक’ हा शब्द संतसाहित्यातून आधीच ओळखीचा असल्यामुळे मराठी माणसाला ही पद्धती परकी वाटत नाही. त्यातून एक घोटाळाही होतो : विवेक म्हणजे इच्छा मारणे, असे अनेक जण धरून चालतात. आरईबीटीत इच्छेला हात लावायचा नसतो.

इच्छा आणि हट्ट

त्रासदायक समजांची एलिस यांची सुरुवातीची यादी अकरा-बारा कलमांची होती. पुढे त्यांनी ती तीन मागण्यांवर आणली : मी उत्तमच कामगिरी केली पाहिजे, इतरांनी माझ्याशी नीटच वागले पाहिजे आणि परिस्थिती माझ्या सोयीचीच असली पाहिजे. मागणीच्या पोटी तीन पिल्ले येतात. एक, झाले ते महाभयंकर. दोन, हे मला सहनच होणार नाही. तीन, म्हणजे मी (किंवा तो, किंवा हे जग) टाकाऊ.

इंग्रजीत एलिस ‘मस्ट’ हा शब्द हुडकत. मराठीत हट्ट एका अक्षरात मावतो : ‘च’. ‘त्याने फोन करायला हवा होता’ आणि ‘त्याने फोन करायलाच हवा होता’ ही दोन वाक्ये म्हणून पाहिली, तर दुसऱ्या वेळी जबडा आवळलेला जाणवतो. ‘पाहिजे’ हे क्रियापद त्याहून फसवे, कारण ते इच्छा आणि सक्ती दोन्ही पेलते. ‘मला चहा पाहिजे’ ही इच्छा. ‘हप्ता पाच तारखेच्या आत भरला पाहिजे’ ही सक्ती. म्हणून नुसते ‘पाहिजे’ ऐकून निदान करू नये. ‘आणि नाही मिळालं तर?’ असे विचारावे. ‘वाईट वाटेल’ हे उत्तर आले तर इच्छा. ‘नाही मिळालं म्हणजे काय!’ असे आले तर हट्ट.

लपण्याची दुसरी जागा म्हणजे प्रश्न. ‘असं कसं बोलू शकते ती?’, ‘एवढं केलं, त्याचं हे फळ?’ या प्रश्नांना उत्तर कोणालाच नको असते. उपचारक त्यांचे विधान करून घेतो : ‘तिने असं बोलताच कामा नये.’ विधान झाले की तपासता येते. ‘च’ वाक्यातून गाळला की काम झाले, असे मात्र नाही. शब्द सुधारतो आणि हट्ट पोटात तसाच राहतो. नवखे उपचारक इथे हमखास फसतात.

तक्ता भरण्याची रीत

एलिस यांचा प्रसिद्ध साचा पाच अक्षरांचा आहे : ए म्हणजे घटना, बी म्हणजे तिच्याविषयीचा दृष्टिकोन, सी म्हणजे भावनिक व वर्तनी परिणाम, डी म्हणजे त्या दृष्टिकोनाशी घातलेला वाद, ई म्हणजे नवा परिणामकारक दृष्टिकोन. कागदावर क्रम ए-बी-सी असला, तरी भरताना सी, मग ए आणि शेवटी बी असा जावा. माणूस येतो तो भावना घेऊन, आणि दृष्टिकोन त्याला सर्वांत शेवटी दिसतो.

लेखा विभागातील एका कर्मचाऱ्याचे कल्पित उदाहरण घेऊ. बैठकीत त्याची चूक निघाली. त्या रात्री दोनपर्यंत झोप नाही, सकाळी पोट बिघडल्याचे कळवून रजा. सी मध्ये ‘वाईट वाटलं’ लिहून भागत नाही. भावनेचे नेमके नाव आणि शंभरपैकी गुण लिहायचे : शरम ९०, संताप ७०. शिवाय कृती : रजा, खोटे कारण. दोन भावना असतील तर दोन वेगळे तक्ते भरावेत, कारण शरमेखालचा हट्ट स्वतःविषयी असतो आणि संतापाखालचा साहेबांविषयी.

ए मध्ये तो लिहितो, ‘साहेबांनी सगळ्यांसमोर अपमान केला.’ ही घटना नव्हे. कॅमेऱ्याने टिपले असते तेवढेच ए मध्ये ठेवायचे : ‘साहेब सहा जणांसमोर म्हणाले, जीएसटीच्या तक्त्यात दोन आकडे चुकलेत.’ ‘सगळे मला बिनडोक समजत असतील’ हा अंदाज. तो खरा की खोटा, या वादात बेकपंथी उपचारक आधी शिरेल. आरईबीटीत उलट करतात. ‘समजा, खरंच समजतात. मग?’ असे विचारत खाली उतरायचे. ‘मग माझी किंमत राहणार नाही.’ ‘मग?’ ‘मग मी कुचकामीच की.’ इथे जमीन लागते. बी मध्ये येते ते हे : ‘माझ्या हातून चूक होताच कामा नये, झाली म्हणजे मी कुचकामी.’ अंदाज खोटा ठरवून दिलेला दिलासा पुढच्या बैठकीपर्यंतच टिकतो, असा एलिस यांचा युक्तिवाद होता, आणि तो सहज खोडता येत नाही.

डी साठी तीन प्रश्न पुरतात. चूक होताच कामा नये असा नियम जगात कुठे आहे? असता, तर चूक झालीच नसती. दोन आकडे चुकले, यावरून संपूर्ण माणूस कुचकामी ठरतो का? आणि हे धरून ठेवल्याने उद्याचे काम सुधारते का? तिसरा प्रश्न बहुधा सर्वांत लवकर पटतो.

ई चे वाक्य पूर्ण लांबीचे लागते; त्यात इच्छाही हवी आणि हट्टाचा नकारही. ‘माझं काम बिनचूक व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण ते तसं व्हायलाच हवं असा काही नियम नाही. चुकलं तर ते त्रासाचं आहे, असह्य नाही. चूक वाईट, मी मात्र चुका करणारा आणि बरंच काही बरोबर करणारा एक माणूस.’ यातला ‘पण’नंतरचा भाग गाळला तर हट्ट परत येतो. पहिला भाग गाळला तर ‘मला काही फरक पडत नाही’ हा खोटेपणा उरतो, आणि मन तो मानत नाही.

कोणती भावना उरावी

या पद्धतीचे ध्येय शांत, निर्विकार माणूस नव्हे. भयग्रस्त चिंतेऐवजी काळजी, नैराश्याऐवजी दुःख, संतापाऐवजी नाराजी, अपराधगंडाऐवजी पश्चात्ताप उरावा, एवढीच अपेक्षा. हा फरक प्रमाणाचा नाही. दुःख अतिशय खोल असूनही निरोगी असू शकते. जवळचे माणूस गेल्यावर ते खोल असावे हेच स्वाभाविक. निकष असा की त्या भावनेसह माणसाला पुढची कृती करता येते की नाही. वरच्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी खंत वाटावी आणि त्याने ऑफिसात जाऊन दोन आकडे दुरुस्त करावेत, इथवर पोचणे पुरेसे.

गृहपाठ

आठवड्याला एक बैठक, पाऊण ते एक तासाची. उरलेले सहा दिवस गृहपाठाचे, आणि खरा बदल तिथेच होतो. मुख्य प्रकार तीन.

लेखी तक्ता रोज एक, दहा-पंधरा मिनिटांचा, आणि त्याच दिवशीच्या किरकोळ प्रसंगावर. आयुष्यातील सर्वांत मोठी जखम पहिल्याच आठवड्यात घेऊ नये.

भावनाचित्रणात डोळे मिटून तो प्रसंग जसाच्या तसा उभा करायचा आणि शरम पुरती जाणवू द्यायची. मग प्रसंगात काहीही न बदलता तिची खंत करायची, आणि ते साधताना स्वतःशी काय म्हटले तेवढे टिपायचे. लोक इथे चोरी करतात : कल्पनेतल्या साहेबांनाच प्रेमळ करून टाकतात. तसे केले तर सराव वाया गेला. रोज काही मिनिटे, सुमारे ३० दिवस.

तिसरा प्रकार लाजेवरचा, आणि एलिस यांचा सर्वांत गाजलेला. चारचौघांत मुद्दाम काहीतरी निरुपद्रवी वेडगळ करायचे आणि लाज ओसरेपर्यंत तिथेच थांबायचे. न्यूयॉर्कमध्ये लोक भुयारी रेल्वेच्या डब्यात स्थानकांची नावे ओरडत, दोरी बांधून केळे फिरायला नेत. आपल्याकडे भरलेल्या एसटीत मोठ्याने ‘ही गाडी नक्की कुठं चाललीय?’ असे विचारणे किंवा किराणा दुकानातून एकच काडेपेटी घेऊन पिशवी मागणे पुरते. कोणालाही इजा, भीती वा उपद्रव होता कामा नये, कायदा मोडायचा नाही, नोकरी धोक्यात घालायची नाही. लोक बघतात का, हे मोजणे हा यातला हेतूच नाही. लोक बघत असताना ‘मी मूर्खपणा केला, मी मूर्ख नव्हे’ हे म्हणता येते का, एवढेच तपासायचे.

कुठे बिघडते

सर्वांत नेहमीचा बिघाड पोपटपंचीचा. वाक्य पाठ होते, पटत नाही. ‘डोक्याला कळतं, पण आतून वाटत नाही’ ही तक्रार प्रत्येक उपचारक ऐकतो. तिचा अर्थ बहुधा एवढाच की जुना विश्वास जोरकसपणे आणि हजारदा बोलला गेला आहे, नवा मिळमिळीतपणे चारदा. त्यावर नव्या विश्वासाला धरून कृती करणे हाच उपाय.

दुसरा बिघाड त्रासावरच्या त्रासाचा. ‘एवढं शिकून मला अजून चिंता वाटताच कामा नये’ असा नवा हट्ट पद्धतीतूनच जन्मतो. असा दुमजली त्रास दिसला की आधी वरचा मजला उतरवावा. चिंतेची शरम असेपर्यंत चिंतेकडे नीट बघताच येत नाही.

तिसरा घराघरांतला. नवरा कार्यशाळा करून येतो आणि बायकोला ऐकवू लागतो, ‘हा तुझा अविवेकी विचार आहे.’ हे हत्यार स्वतःवर चालवायचे आहे. त्याहून गंभीर म्हणजे मारहाण, जातीय अपमान, थकवलेला पगार अशा खऱ्या अन्यायाला ‘तुझा दृष्टिकोन बदल’ हे उत्तर देणे. स्वीकार म्हणजे संमती नव्हे. संताप निवळल्यावर तक्रार नोंदवणे, घर सोडणे, वकील गाठणे सोपे व्हावे, यासाठी बी वर काम करायचे असते. अंगावर धोका असेल तर आधी ए बदलावा; तक्ता नंतर.

इतर वाटा

१९६५ च्या एका प्रसिद्ध प्रशिक्षणपटात ग्लोरिया नावाची एकच स्त्री कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस या वेगवेगळ्या पद्धतींच्या तिघा मानसोपचारकांशी पाळीपाळीने बोलताना दिसते. रॉजर्स ऐकून घेतात, पर्ल्स डिवचतात, एलिस शिकवतात आणि तिच्यापेक्षा जास्त बोलतात. एलिस स्वतःही त्या मुलाखतीवर फारसे खूश नव्हते. कोणाला ऐकून घेणारा हवा असतो, कोणाला वाद घालणारा. वाद घालणारा नको असलेल्या माणसाला या पद्धतीत कोंबू नये. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून चालणाऱ्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांची वाट तर नेमकी उलटी. तिथे विचाराशी वाद नाही, शरीरावरील संवेदना तटस्थपणे बघायच्या. दोन्ही करणारे लोक आहेत, पण त्याच बैठकीत दोन्ही करू गेल्यास काहीच होत नाही : विचार एकाच वेळी सोडूनही देता येत नाही आणि उलटतपासणीलाही घेता येत नाही.

परिणाम आणि मर्यादा

पन्नास वर्षांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात परिणाम मध्यम प्रमाणाचा दिसला. चिंता, सौम्य ते मध्यम नैराश्य, राग, चालढकल, परीक्षेची भीती यांत ही पद्धती विशेष उपयोगी पडते. भास-भ्रम, उन्मादावस्था किंवा अंथरुणातून उठवत नाही इतके नैराश्य असेल तर मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे आधी. वादासाठी लागणारी एकाग्रताच त्या वेळी नसते. आत्महत्येचे विचार येत असतील तर तक्ते बाजूला ठेवून लगेच मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तो चोवीस तास चालू असतो, आणि त्यावर मराठीतून बोलता येते.